चारचौघांत मान खाली जाते तेव्हा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात दोन वेगळे प्रसंग आहेत आणि तुम्ही ते एकाच दोऱ्यात ओवले आहेत. आधी ते थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ कळेल.

तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी लिफ्टमध्ये तुमच्याच इमारतीतले एक गृहस्थ होते. त्यांच्या गालावर जन्मखूण आहे. मुलीनं बोट दाखवून मोठ्यानं विचारलं, "आई, ह्या काकांच्या तोंडाला काय झालंय? घाण दिसतंय." तुम्ही तिच्या दंडाला चिमटा काढलात. ती रडायला लागली आणि आणखी मोठ्यानं म्हणाली, "पण दिसतंयच तसं!" घरी आल्यावर तुम्ही तिला पाऊण तास समजावलंत, आणि त्या दिवसापासून तुम्ही दोघी जिन्यानं ये-जा करता. दुसरा प्रसंग मागच्या आठवड्यातला. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना तिनं फरशीवर लोळण घेतली, सगळे वळून बघायला लागले आणि सासूबाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलीय." शेवटी तुम्ही विचारलंत, "हिला लाज कशी वाटत नाही? आणि ती शिकवायची कशी?"

लहान मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासोबत समुपदेशनाचं काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. हा प्रश्न नेमक्या याच शब्दांत मी असंख्य वेळा ऐकला आहे. माझं उत्तर पहिल्यांदाच सांगून टाकते: लाज शिकवायच्या मागे लागू नका. ती तिच्याजवळ आहे, आणि जी कमी आहे ती वाढायची असेल तेव्हा वाढेल. तिला समोरच्याच्या मनाचं भान हवं आहे, आणि ते वेगळ्या रस्त्यानं येतं. लाज सांगते की आपल्याकडे कोण बघतंय. भान सांगतं की आपल्या बोलण्यानं कुणाला लागलं. पहिलीवर फार जोर दिला की दुसरं मागे पडतं, हे मी घराघरांत पाहिलं आहे.

"लाज तिच्याजवळ आहे" असं का म्हणते ते सांगते. १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी बाळांच्या नाकाला रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर ठेवलं. दीड-दोन वर्षांच्या सुमारास मुलं आरशातल्या नाकाला हात लावायचं सोडून स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतात. म्हणजे "तो मी" हे त्यांना कळलेलं असतं. पुढे १९८९ मध्ये मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की आरशात स्वतःला ओळखणारी मुलंच प्रामुख्यानं फार कौतुक झालं किंवा कुणासमोर नाचून दाखव म्हटलं की संकोचतात. तुमची मुलगी पाहुण्यांसमोर गाणं म्हणायचं म्हटलं की तुमच्या पाठीमागे लपते, असं तुम्हीच लिहिलं आहे. ती लाजच आहे.

लिफ्टमध्ये मात्र याहून कितीतरी अवघड गोष्टीची गरज होती. माझ्या डोक्यात आलेला शब्द बाहेर पडला तर या माणसाच्या मनात काय उमटेल, हे तिला आधी ओळखायला हवं होतं, आणि मग तो शब्द ओठाशी थोपवायला हवा होता. ही दोन कामं आहेत आणि साडेचार वर्षांना दोन्ही कच्ची असतात.

पहिल्या कामाचं बघा. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याची आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा नव्या जागेकडे बोट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते मॅक्सीला माहीत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. चार-पाच वर्षांच्या दरम्यान हे उमजायला लागतं. तुमची मुलगी आत्ता त्या उंबरठ्यावर उभी आहे. पण "दुसऱ्याला वेगळं माहीत असतं" इथपासून "माझ्या तोंडून अनवधानानं असं काही गेलं की ज्यानं तो दुखावला" इथपर्यंतचा पल्ला फार लांबचा असतो. १९९९ मध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं: बोलण्यातली नकळत झालेली चूक मुलांना ओळखता येते का. त्यांनी निवडलेली मुलं ७, ९ आणि ११ वर्षांची होती, आणि ही समज त्या वयांतही वाढतच जाताना दिसली. सात वर्षांच्या मुलाकडेही जी पुरती पक्की नसते, ती आपण साडेचार वर्षांच्या मुलीकडे लिफ्टच्या दोन मजल्यांच्या प्रवासात मागत असतो.

दुसरं काम थोपवण्याचं. सूर्याचं चित्र दिसलं की "रात्र" म्हणायचं आणि चंद्राचं दिसलं की "दिवस", असा एक साधा खेळ संशोधकांनी १९९४ मध्ये मुलांसोबत खेळून पाहिला. पाच वर्षांखालच्या मुलांची त्यात फार ओढाताण होते. नियम त्यांना पाठ असतो, पण जीभ आधी धावते. शिवाय या वयात मुलं विचारच मोठ्यानं करतात. लेव्ह वायगॉत्स्की यांनी १९३४ च्या सुमारास हे मांडलं होतं: मूल आधी स्वतःशी मोठ्यानं बोलतं, आणि तेच बोलणं पुढे हळूहळू आत जाऊन मूक विचार होतं. तुमच्या मुलीनं त्या गृहस्थांचा अपमान केला असं तुम्हाला वाटलं. तिच्या बाजूनं बघितलं तर ती फक्त विचार करत होती, आणि तो विचार सगळ्यांना ऐकू गेला.

आता तो चिमटा. तुम्हाला तो सलतोय हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणून दोष देत बसत नाही. पण त्यानं काय झालं ते सांगायला हवं. चिमटा काढला त्या क्षणी तुमचं लक्ष कुणाकडे होतं? त्या गृहस्थांकडे नसावं आणि मुलीकडेही नसावं. तुम्ही लिहिता, "लिफ्टमधल्या बाकीच्यांना काय वाटलं असेल." चिमटा त्या बाकीच्यांसाठी होता: बघा, मी हिला दटावते आहे, मी वाईट आई नाही. हे फार माणसासारखं आहे. मीही आई आहे आणि तसंच वागून बसले आहे. माझा मुलगा चार वर्षांचा असताना बसमध्ये एका आजींच्या थरथरणाऱ्या हाताकडे बघून त्यानं काहीतरी विचारलं. मी त्याचं तोंड दाबलं आणि त्याला ओढत मागच्या सीटवर नेलं. त्या आजी पुढे कित्येकदा त्याच बसमध्ये दिसायच्या आणि तो माझ्या कुशीत तोंड खुपसायचा. माझ्या घाबरण्यावरून त्यानं ताडलं होतं की त्या हातात काहीतरी भयंकर आहे. "असं बोलू नये" हे शिकवायला गेले आणि "अशा माणसाला भ्यावं" हे शिकवून बसले. ते पुसायला मला वर्ष लागलं.

म्हणून मी ज्या पालकांना भेटते त्यांना क्रम बदलायला सांगते. आधी ज्याला लागलं तो माणूस, मग मूल, आणि बघणारे सगळ्यात शेवटी. वेळ उरला तरच.

लिफ्टमध्ये हे कसं दिसलं असतं? तुम्ही त्या गृहस्थांच्या डोळ्यांना डोळे भिडवले असते आणि शांतपणे म्हटलं असतं, "माफ करा, अजून बोलायचं शिकतेय ती." इतकंच. त्यांच्या गालाबद्दल अवाक्षर नाही, लांबलचक दिलगिरी नाही, "खूप वाईट वाटतंय हो मला" नाही. आपली शरम आपण त्यांच्या अंगावर टाकली की उलट त्यांनाच आपली समजूत काढत बसावं लागतं. मग मुलीच्या उंचीला वाकून हळू आवाजात: "काकांच्या गालाचा रंग जन्मापासून तसा आहे. 'घाण' म्हटलं की माणसाला लागतं. बाकीचं घरी गेल्यावर विचार." संपलं.

तिला तिथल्या तिथे "सॉरी म्हण" असा आग्रह मी करत नाही. अनेक तज्ज्ञ करतात, माझं मत वेगळं आहे. ती नाही म्हणाली तर नवा तमाशा सुरू होतो आणि तो माणूस आपल्या घरच्या शिकवणीचं साधन होऊन तिथे अडकून पडतो. त्याला फक्त आपल्या मजल्यावर जायचं असतं. माफी तुम्ही मागा. ती बघून शिकते.

आणि एक बारकावा, जो मला कामाच्या ओघात फार उशिरा कळला. "असं बोलायचं नसतं" या वाक्यातून मुलाला नक्की काय चुकलं ते कळतच नाही. बोट दाखवलं ते चुकलं? मोठ्यानं बोलले ते? प्रश्न विचारला तो? की "घाण" हा शब्द? तुमच्या मुलीनं रडत "पण दिसतंयच तसं" म्हटलं, तो उद्धटपणा नव्हता. आपण खोटं बोलल्याचा आरोप होतोय असं तिला वाटलं आणि ती स्वतःची बाजू मांडत होती. खोटं बोलायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलं आहे ना? तेव्हा सुटं करून सांगा. प्रश्न चांगला होता. बोट दाखवायचं नाही. शब्द लागणारा होता. आणि असे प्रश्न आईला नंतर, दोघीच असताना विचारायचे.

हे "नंतर" कसं जमवायचं, यासाठी आमच्या केंद्रात बऱ्याच मुलांना एक खूण उपयोगी पडली आहे. मनात प्रश्न आला की आईचा हात दोनदा दाबायचा. आईनं एकदा दाबला की "कळलं, दार बंद झालं की विचार." मुलांना ही गुप्त खूण आवडते, आणि तोंडाऐवजी हाताला काम मिळाल्यामुळे थोपवणं सोपं जातं. पण घरी बाहुल्या घेऊन, लिफ्ट-लिफ्ट खेळत दहा-पंधरा वेळा सराव करावा लागतो. कुजबुजण्याचाही सराव घ्या. या वयाच्या अनेक मुलांची कुजबूज शेजारच्या खोलीत ऐकू जाते, कारण आवाज दाबणं ही शरीराची कला आहे, नुसतं सांगून येत नाही. आणि जी सवय लावाल ती पाळाही: दार बंद झालं की तिचा प्रश्न आठवणीनं काढा. एकदोनदा तुम्ही विसरलात की ती पुन्हा लिफ्टमध्येच विचारेल, आणि तिचं बरोबर असेल.

घरच्या पाऊण तासाच्या समजावण्याबद्दल थोडंच. त्या वयात पहिल्या दोन मिनिटांनंतर शब्द उरत नाहीत, फक्त आईचा सूर उरतो. दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना, खेळता खेळता विचारा, "काकांना कसं वाटलं असेल?" "माहीत नाही" म्हणाली तर तुम्ही सांगा. आणि चिमट्याबद्दल तिला स्वतःहून म्हणा, "मी चिमटा काढला, तुला दुखलं. मी तसं करायला नको होतं." आईला वाटतं यानं वचक जाईल. माझ्या अनुभवात त्यानंतर मुलं आपली चूक लवकर कबूल करतात, कारण ती कशी करायची हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता दवाखान्यातली लोळण. हे प्रकरण पूर्ण निराळं आहे. लिफ्टमध्ये ती शांतपणे विचार करत होती, इथे ती स्वतःच्या हाती राहिली नव्हती. दोन्हींना "चारचौघांत लाज आणली" हेच नाव तुम्ही दिलंत, कारण तुमच्या पोटात दोन्ही वेळा सारखाच खड्डा पडला. मुलीच्या पोटात मात्र एकसारखं काही घडत नव्हतं. म्हणून एकच उपाय दोन्हीकडे चालत नाही.

पोटेगल आणि डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा आदळआपटीचा बारकाईनं अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग ५ मिनिटांच्या आत संपले होते. त्यात दोन भावना असतात. राग सुरुवातीला झपाट्यानं चढतो आणि मग उतरत जातो, दुःख मात्र त्याच्यासोबत पसरलेलं असतं. किंचाळणं उतरून हुंदके सुरू होतात तेव्हाच मूल कुशीत यायला तयार होतं. म्हणजे चढत्या रागात समजावणं, प्रश्न विचारणं, "थांबतेस की नाही" म्हणणं हे सगळं वाया जातं. त्या वेळी कडेला घ्या, डोकं कुठे आपटणार नाही एवढं बघा, जवळ बसा आणि गप्प राहा. शक्य असेल तर बाहेरच्या पॅसेजमध्ये न्या. दवाखान्यात आजारी माणसं असतात, त्यांनाही शांतता हवी असते, आणि तिकडे लक्ष देणं हेही भानच आहे.

तुम्ही त्या वेळी मोबाइल हातात दिलात आणि ती गप्प झाली, असं लिहिलं आहे. एकदा दिलात म्हणून काही बिघडत नाही. पण घरी दहा वेळा नाही म्हणायचं आणि लोक बघायला लागले की द्यायचा, असं होत असेल तर ते थांबवा. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसानं जडलेली सवय सुटायला सगळ्यात चिवट असते. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ मध्ये बक्षिसाच्या वेळापत्रकांवर केलेलं काम याच स्वरूपाचं आहे. मुलीला त्यातून एवढंच कळतं की लोक असले की आईचा "नाही" बदलतो. बाहेर मोबाइल द्यायचाच असेल तर आधीच ठरवून द्या, "नंबर यायला उशीर आहे, दहा मिनिटं बघ." रडण्याचा मोबदला म्हणून नको.

आणि खरं काम त्या पाच मिनिटांच्या आधीचं असतं. झोपेची वेळ टळली होती का? भूक लागली होती का? किती वेळ थांबायचं हे तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलं होतं का? "अर्धा तास" तिला कळत नाही, "आपल्या आधी चार माणसं आहेत, मोजू या" हे कळतं. तुमच्या वर्णनावरून त्या दिवशी तिची दुपारची झोप झाली नव्हती. मग तिथे लाडाचा किंवा शिस्तीचा प्रश्न फारसा उरतच नाही. सासूबाईंना तुम्ही हे भांडणाच्या सुरात न सांगता एवढंच म्हणू शकता, "आई, ती आज झोपली नव्हती. पाच मिनिटं द्या, होईल ती शांत." त्यांनाही त्या क्षणी लोकांसमोर कानकोंडं झालं होतं. तुमच्यासारखंच.

लोक वळून बघतात त्याबद्दल. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला ओशाळवाणा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्या लोकांच्या लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो चौथा हिस्सा लोकांच्याच लक्षात आला होता. लोळणाऱ्या मुलाकडे लोक बघतातच, ते मी नाकारत नाही. पण आपल्याला वाटतं तितका वेळ आणि तितक्या कठोरपणे बघत नाहीत. ज्यांनी स्वतः मुलं वाढवली आहेत त्यांच्या नजरेत बहुतेक वेळा ओळख असते, आपण मान खाली घातल्यामुळे ती दिसत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मुलगी घरातही सतत मोठ्यानं बोलत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, हाक मारल्यावर लक्ष देत नसेल तर आधी कान तपासून घ्या. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं नेहमीचं आहे आणि त्यानं ऐकू कमी येतं. आदळआपट सहसा २५ मिनिटांहून जास्त चालत असेल, ती स्वतःला इजा करत असेल, दिवसातून अनेकदा तसं होत असेल किंवा कुणी जवळ घेतलं तरी शांत होतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. आठ वर्षांचं मूल पुन्हा पुन्हा समजावूनही असंच बोलत असेल आणि समवयस्कांशी गप्पा मारणंही त्याला जमत नसेल, तर तेही दाखवून घ्यावं. तुम्ही लिहिलेल्यात मला यातलं काही दिसलं नाही.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. हा लिफ्टचा किस्सा तिच्यादेखत नातेवाइकांना सांगू नका, हसून तर नकोच. ती ऐकत असते. काही मुलांना त्यातून कळतं की असं बोललं की सगळे हसतात. काहींना कळतं की माझी चूक घरभर फिरते. दुसऱ्या प्रकारची मुलं पुढे आईला काही विचारेनाशी होतात, आणि ती माझ्याकडे दहाव्या-बाराव्या वर्षी येतात.

राहिला तो जिना. तुम्ही जिन्यानं का जाता आहात हे तिला दिसतं, तिला कुणी कारण सांगितलेलं नसलं तरी. त्या गृहस्थांनाही बहुधा दिसत असेल, आणि त्यांना ते मुलीच्या शब्दांपेक्षा जास्त लागत असेल. लहान मुलांचे प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकले असणार. आपल्याला टाळणारी मोठी माणसं ही वेगळी जखम असते. एकट्या जा, दारात उभ्या राहूनच बोला: "त्या दिवशी मुलगी बोलली ते चुकीचं होतं, आणि मी नंतर तोंड लपवलं तेही. माफ करा." ते काय म्हणतील ते म्हणू द्यात, फार थांबू नका. आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन लिफ्टनं जा. ते आत असले तर तिला काही बोलायला सांगू नका. तुम्हीच त्यांच्याकडे बघून "कसे आहात?" विचारा. ती खालून तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल.